चष्मेवाल्याचा निकाल

चष्मेवाल्याचा स्वतःच्या नजरेवर फार विश्वास होता, आणि तो असायला कारणही होतं. गल्लीतल्या निम्म्या नाकांवर त्याने बसवलेले चष्मे होते. माणूस दुकानाची पायरी चढतानाच तो ओळखायचा, की याला जवळचं दिसत नाही, की लांबचं, की दोन्ही दिसतं पण बायकोने पाठवलंय. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ कुणाला वाचता आली नाही, तर तो म्हणायचा, "हरकत नाही, होतं असं." दुकानात त्याचा आवाज काचा पुसायच्या फडक्यासारखा मऊ असायचा.

फुटबॉलच्या मैदानावर गेला की मात्र याच माणसाच्या अंगात यायचं.

मैदान काही फार मोठं नव्हतं. एका बाजूला पत्र्याखाली बाकं होती, तिथे कमिटीची माणसं आणि त्यांचे पाहुणे बसायचे. एका गोलच्या मागे कमरेएवढं लोखंडी कुंपण होतं आणि त्यामागे लगेच लॉन्ड्रीची भिंत. त्या कुंपणाला रेलून तिघं उभे राहायचे: चष्मेवाला, बेकरीवाला आणि पोस्टातून निवृत्त झालेला पोस्टमन. बेकरीवाल्याच्या डोक्यावर केस होते तेव्हापासून त्यांची ही जागा ठरलेली होती. पावसात भिजले, उन्हात भाजले, पण पत्र्याखाली गेले नाहीत. तिथून ओरडलेलं खेळाडूंना ऐकू जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

हंगाम सुरू होण्याआधी क्लब एक मैत्रीपूर्ण सामना खेळायचा. कुठल्यातरी मोठ्या क्लबचे राखीव खेळाडू यायचे, आणि आपल्याकडून जुन्यांबरोबर कुठून कुठून आलेले नवे उमेदवार आजमावून बघायचे. त्यांची नावं पुकारत नसत. लाउडस्पीकरवरचा माणूस नुसतं "उमेदवार" म्हणायचा आणि पुढे जायचा. सामना संपला की हे तिघं कुंपणाशी एकेका उमेदवाराचा निकाल लावायचे. घ्यावासा वाटला तर "ठेवा", नाहीतर "नारळ". आधी बेकरीवाला बोलायचा, मग पोस्टमन, आणि शेवटचा शब्द चष्मेवाल्याचा, कारण नजरेचा धंदा त्याचा. हा निकाल त्यांना कुणीही विचारलेला नव्हता. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचाच तो प्रकार, पण त्या इतक्या मोठ्याने भाजल्या जायच्या की लॉन्ड्रीतला माणूस इस्त्री थांबवून ऐकायचा.

आणखी एक गोष्ट दर वर्षी न चुकता व्हायची. निकालाच्या वेळी क्लबचा कोच नेमका कुंपणापाशी येऊन, खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसायचा. "याला साधी नाडी बांधता येत नाही, हा संघ काय बांधणार," असं पोस्टमन दर वर्षी म्हणायचा, आणि बाकीचे दोघं दर वर्षी हसायचे. कारण कोच त्यांचं कधीच ऐकत नसे. यांनी ठेवा म्हटलेला घरी जायचा आणि नारळ दिलेला संघात दिसायचा. कोचला खेळातलं काही कळत नाही, यावर तिघांचं एकमत होतं. क्लब दरम्यान लीगमध्ये एक पायरी वर चढला होता, ते नशीब.

यंदाच्या सामन्याला चष्मेवाल्याचा जावई उमेदवार होता.

जावई गोलकीपर. हात मोठे, बोलणं कमी. त्याचा आधीचा क्लब बंद पडला तेव्हापासून तो एका गोदामात पेट्या उचलत होता. लेक, जावई आणि नात दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायची. चष्मेवाला आणि त्याची बायको दुकानामागच्या खोल्यांत. नातीला नुकताच पळण्याचा शोध लागला होता. ती खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत धावायची, आणि खाली दुकानात काचेच्या फळ्यांवरच्या फ्रेमा थरथरायच्या. गिऱ्हाईक दचकून वर बघायचं. "नात आहे," असं चष्मेवाला कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकायचा.

पण जावयाच्या मामाचं दूर एका शहरात शीतगृह होतं. कायमची नोकरी आणि राहायला दोन खोल्या, असा त्याचा निरोप आला होता. लेकीने सरळच सांगितलं होतं. "बाबा, क्लबने यांना घेतलं तर इथेच राहू. नाहीतर जावं लागेल. पोटापाण्याचं बघायला नको का?" माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढून वरच्या खोलीत उघडी ठेवली होती. नात दुपारी तिच्यात बसायची. चष्मेवाला ती ट्रंक बघायला लागू नये म्हणून हल्ली वर जायचंच टाळत होता.

सासरा-जावयाचं एकमेकांशी बोलणं म्हणजे, "चहा झाला?" "झाला, बाबा." "बरं." एवढंच. त्यात कमी काही नव्हतं. चष्मेवाल्याच्या मते जावई लाखात एक गोलकीपर होता, पण जावयाला तोंडावर चांगलं म्हणायची त्याला सवय नव्हती आणि वाईट म्हणायची सोय नव्हती.

सामन्याच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी गल्ली ओस पडलेली असताना, कोच दुकानात आला.

तो एकदा मागे बघून आत शिरला आणि त्याने स्वतःच दार लावून घेतलं. चष्मेवाल्याने त्याला लगेच ओळखलं. कोचने मात्र ओळखलं नाही. मैदानावर टोपी घालून गळ्याच्या शिरा ताणणारा तो आणि पांढरा कोट घातलेला हा, यांचा संबंध कुणी का लावावा? दुकानात क्लबचा फोटोसुद्धा नव्हता. आपण वेडे आहोत हे गिऱ्हाइकाला आल्या आल्या कळू नये, म्हणून बायकोने लावू दिला नव्हता.

"लांबचं दिसत नाही," कोच खुर्चीत बसत म्हणाला. "पण हे कुठे बोलू नका. कोचला चष्मा लागला हे कळलं तर उद्यापासून पोरं माझ्याशी ऑफसाइडवरून भांडतील."

चष्मेवाल्याने त्याच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवली आणि एक काच बसवली. "कधीपासून दिसत नाही?"

"वर्षं झाली. मैदानाच्या त्या टोकाला कुणीतरी पळतंय एवढं कळतं. कोण ते नाही."

"मग खेळाडू कसे निवडता?" चष्मेवाल्याने मऊ आवाजात विचारलं.

"जुन्यांना पळण्यावरून ओळखतो. पंचाईत नव्यांची. पण त्यावर मी एक तोड काढलीय." कोच स्वतःवर खूश होऊन हसला. "कुंपणाशी तीन म्हातारे उभे असतात."

"म्हातारे?"

"आवाजावरून तरी तसे वाटतात. ते प्रत्येक उमेदवाराचा निकाल लावतात, मी नाडी बांधत ऐकतो. त्यातले दोघं कधीमधी बरोबरही येतात, त्यांचा काही भरवसा नाही. पण तिसरा, घोगऱ्या आवाजाचा, तो आजवर एकदाही बरोबर आलेला नाही. एकदाही नाही! त्याने ठेवा म्हटलं की मी नारळ देतो, त्याने नारळ म्हटलं की ठेवतो. क्लब वर चढला तो त्या माणसाच्या जिवावर. देवमाणूस आहे हो. कधी भेटला तर पाया पडेन."

चष्मेवाल्याने फ्रेममधली काच बदलली. त्याचा हात हलला नाही. इतक्या वर्षांची सवय होती.

"आता कसं?"

"आता एकदम स्पष्ट," कोच म्हणाला. "शनिवारच्या आत मिळेल ना? सामना आहे. म्हटलं, यंदा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघू."

"शनिवारपर्यंत नाही जमणार," चष्मेवाला म्हणाला. "काच बाहेरून मागवावी लागेल."

काच मागच्या कपाटात होती. आपण असं का म्हणालो हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

कोच गेल्यावर तो त्याच खुर्चीत बसला. एकेक आठवायला लागला. तो लांबटांगा पुढचा खेळाडू, ज्याला त्याने "उंट" म्हणून नारळ दिला होता, त्याच्याच गोलांनी क्लब वर चढला. आणि ज्याला "हिरा आहे हिरा, ठेवा" म्हणून तो घसा फोडून ओरडला होता, तो दुसऱ्या क्लबात गेला आणि त्याने आपल्याच गोलमध्ये चेंडू मारण्याची सवय लावून घेतली. त्या क्लबच्या मैदानावर आता भाजीबाजार भरतो. आपलं एखादं तरी भाकीत खरं ठरलं असेल म्हणून त्याने फार शोधलं. एकही सापडलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण हा दिवाच उलटा लावलेला निघाला.

वर नात धावली. फ्रेमा थरथरल्या. आणि चष्मेवाल्याला आपण काय करणार आहोत ते कळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या शब्दाला वजन आलं होतं. फक्त तो शब्द उलटा बोलायचा होता.

कोचचा चष्मा त्याने त्याच संध्याकाळी तयार केला, डबीत घातला आणि डबी खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. एका माणसाची नजर आपण कुलपात ठेवली आहे, हे त्याला कळत होतं. धंद्यात असं त्याने कधी केलं नव्हतं.

शनिवारी निघताना बायको म्हणाली, "जावई खेळणार आहेत. आम्ही पत्र्याखाली बसणार आहोत. तोंड सांभाळा."

"बरं," चष्मेवाला म्हणाला.

कुंपणाशी त्याने दोघा मित्रांना बजावलं. "तो माझा जावई आहे हे कोचच्या कानावर जाता कामा नये. वशिला वाटेल."

"माझ्या पोटात राहील," बेकरीवाला म्हणाला. त्याचं पोट मोठं होतं, पण त्यात आजवर काही राहिलेलं नव्हतं.

पहिला अर्धा भाग जुन्या गोलकीपरने काढला. त्यात सांगण्यासारखं काही झालं नाही. मैत्रीपूर्ण सामन्यात सगळे आपापले गुडघे जपत असतात. मध्यंतरानंतर लाउडस्पीकर खरखरला. "गोलवर, उमेदवार."

जावई चालत आला तो थेट त्यांच्या समोरच्या गोलकडे. त्याने टॉवेल कुंपणावर अडकवला, पाण्याची बाटली खाली ठेवली आणि सासऱ्याकडे बघून किंचित मान लववली. "बाबा."

"अं," चष्मेवाला म्हणाला.

पाहुण्यांनी अंग झटकून खेळायला सुरुवात केली. थोड्याच वेळात त्यांच्या एका आडव्या अंगाच्या खेळाडूने दुरून असा फटका मारला की चेंडू खांबाच्या आतल्या कोपऱ्यात जाणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. जावई आडवा झेपावला आणि बोटांच्या टोकांनी त्याने चेंडू बाहेर लोटला.

बेकरीवाल्याने कुंपणावर थाप मारली. "बघितलंस? मांजर आहे मांजर!"

चष्मेवाल्याच्या ओठांवर "वा" आला होता. तो त्याने गिळला आणि मैदानावरचा आवाज काढला. "नशीब! चेंडूच येऊन धडकला त्याला! तिथे पिंप ठेवलं असतं तरी अडला असता!"

पोस्टमनने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. जावयाने बघितलं नाही. पण त्याचे कान मागून लाल झालेले दिसले. पत्र्याखाली चष्मेवाल्याची बायको उभी राहिली आणि परत बसली.

मग कॉर्नर आला. जावई गर्दीतून वर उठला आणि त्याने झाडावरून आंबा उतरवावा तसा चेंडू दोन्ही हातांत घेतला.

"बाहेर कशाला आलास? बाजारात निघालास का?" चष्मेवाला ओरडला. "जागेवर उभा राहा की लेका!"

जावयाला त्याने आजवर कधी एकेरी हाक मारली नव्हती. आज एकदम लेकापर्यंत मजल गेली.

"तब्येत बरी आहे ना तुझी?" पोस्टमनने विचारलं.

तब्येत बरी नव्हती. त्याच्या डोक्यात एक नवीनच किडा वळवळायला लागला होता. आपली नजर नेहमी चुकते, हे सिद्ध झालेलं आहे. आपल्या नजरेला जावई उत्तम दिसतो आहे. म्हणजे जावई टाकाऊ आहे. म्हणजे आपण ज्या क्लबसाठी जन्मभर घसा फोडला, त्याच क्लबच्या गळ्यात एक टाकाऊ गोलकीपर बांधतो आहोत, तेही कोचचे डोळे खणात कोंडून. हा विचार त्याने पुढून करून बघितला, मागून करून बघितला. तो दोन्हीकडून सारखाच निघत होता. क्लब की नात? कुंपणाचं लोखंड त्याच्या तळव्यांना घामाने चिकटलं. असा प्रश्न कुणी त्याला एरवी विचारला असता, तर त्याने क्लबवर एक भाषण दिलं असतं.

आता त्याला नातीचे पाय तेवढे आठवत होते. होऊ दे क्लबचं काय व्हायचं ते, असं तो मनात म्हणाला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली, पण तो मागे हटला नाही. "हातांना लोणी लावून आलाय!" असं तो पुढच्याच चेंडूला ओरडला. चेंडू जावयाच्या हातांत होता.

सामना संपत आला असताना आपल्या बचाव खेळाडूने पाहुण्यांच्या एकाला पाडलं आणि पंचाने पेनल्टी दिली. आडव्या अंगाचा खेळाडू चेंडू ठेवायला लागला. जावई वळून कुंपणापाशी आला, टॉवेलला हातमोजे पुसले आणि मान खाली ठेवूनच हळूच म्हणाला, "बाबा, कुठल्या बाजूला मारेल?"

चष्मेवाल्याला वाटलं तो चिडून विचारतोय. पण नाही. तो खरंच विचारत होता. एवढ्या शिव्या खाऊनही त्याची समजूत हीच होती, की बाबा इतकं बोलतायत म्हणजे त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसत असणार.

त्याने त्या खेळाडूच्या पायांकडे बघितलं, खांद्यांकडे बघितलं. त्याची पक्की खात्री झाली की हा जावयाच्या डावीकडे मारणार.

"उजवीकडे," तो म्हणाला.

जावई उजवीकडे झेपावला. चेंडू उजवीकडेच आला. पत्र्याखालची कमिटी उभी राहिली, लॉन्ड्रीतला माणूस इस्त्री हातात घेऊन खिडकीत आला, बेकरीवाल्याने पोस्टमनला मिठी मारली. चष्मेवाल्याचे हात टाळ्यांसाठी आपोआप वर आले होते. ते त्याने खिशात कोंबले.

शिट्टी वाजली. कोच कुंपणापाशी आला, खाली वाकला आणि त्याने बुटाची नाडी सोडली.

"गोलकीपर," पोस्टमन म्हणाला. ही त्यांची पद्धतच होती.

"ठेवा!" बेकरीवाला ओरडला.

"डोळे मिटून ठेवा!" पोस्टमन ओरडला.

मग दोघांनी चष्मेवाल्याकडे बघितलं. पत्र्याखालून त्याची लेकही बघत होती. नात आजीच्या खांद्यावर झोपली होती. गोलपाशी जावई टॉवेल घ्यायला आला होता आणि टॉवेल हातात धरून तसाच थांबला होता.

"नारळ," चष्मेवाला म्हणाला. पण घसा इतका बसला होता की शब्द कुंपणाच्या पलीकडे गेलाच नाही. कोचने वाकल्या वाकल्या कान तिरका केला. म्हणजे पुन्हा म्हणायला हवं होतं. पहिल्यांदा म्हणणं सोपं गेलं होतं.

"नारळ!" तो ओरडला. "नारळ द्या याला!"

"अरे, शुद्धीवर आहेस का?" बेकरीवाल्याचा बांध फुटला. "जावई आहे तो तुझा! सख्ख्या लेकीचा नवरा!"

नाडीवरचे कोचचे हात थांबले. तो क्षणभर तसाच वाकून राहिला. मग उठला आणि सुटलेली नाडी फरफटत ड्रेसिंगरूमकडे निघून गेला.

त्या दिवशी चष्मेवाल्याबरोबर कुणी घरी चालत गेलं नाही. बायकोने ताट पुढ्यात आपटलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. थोड्या वेळाने लेक दारात आली.

"घेतलं त्यांना," ती म्हणाली. "चारचौघांत तुम्ही वाट्टेल ते बोललात, तरी घेतलं. कोच म्हणाले, सख्खा सासरा ज्याला नारळ देतो त्याच्याबद्दल मला शंकाच उरली नाही. म्हणजे काय ते यांना कळलं नाही, मलाही नाही."

"बरं झालं," चष्मेवाला घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"बरं झालं? एवढंच?"

त्याला सांगता आलं असतं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य काय होतं? की जावईबापू, तुम्हाला घेतलं ते तुमच्या हातांमुळे नाही, माझ्या फुटक्या डोळ्यांमुळे. गोलकीपरला आपल्या हातांचा भरवसा नसेल तर त्याने उभं तरी कशावर राहायचं? चष्मेवाल्याने भाताचा घास घेतला. लेक पाय आपटत वर गेली. मग वरून ट्रंक ओढल्याचा आवाज आला, ती माळ्यावर चढवल्याचा आवाज आला, आणि दुकानात फ्रेमा थरथरल्या. त्याला रडू आलं. ते त्याने भाताबरोबर गिळलं.

सोमवारी कोच चष्मा न्यायला आला. चष्मेवाल्याने काही न बोलता खण उघडला आणि डबी पुढे केली. नंबर थोडा चुकवला असता तर कोचला जावई अजून काही महिने धूसरच दिसला असता. हा विचार त्याच्या मनात रविवारी दिवसभर येत राहिला होता. पण काच बरोबर होती. एका आठवड्यात एवढं पाप पुरे होतं.

कोचने चष्मा घातला आणि दारातून समोर बघितलं. "‘किल्ल्या बनवून मिळतील.’ अरे वा. तिथे पाटी आहे हेच मला माहीत नव्हतं."

"कानामागे टोचत नाही ना?" चष्मेवाल्याला विचारावंच लागलं. आवाज पत्र्यावर दगड घासल्यासारखा निघाला.

कोच सावकाश वळला. "घसा बसलाय."

"सर्दी."

"शनिवारी बसला का?"

वर नात खिडकीपासून दारापर्यंत धावली. कोचने थरथरणाऱ्या फ्रेमांकडे बघितलं, मग छताकडे, मग आयुष्यात पहिल्यांदा नीट चष्मेवाल्याच्या चेहऱ्याकडे.

"नात आहे," चष्मेवाला म्हणाला.

"काच बाहेरून आली का?"

"मागच्या कपाटातून."

कोचने रिकामी डबी खिशात टाकली. मग म्हणाला, "मी आता सरावाला चाललोय. हा चष्मा घालून. तुमच्या जावयाला आज पहिल्यांदा बघणार आहे." आणि पायरी उतरून गेला.

ती दुपार चष्मेवाल्याने कशी काढली ते विचारू नये. एका बाईला त्याने जवळच्याऐवजी लांबचा नंबर दिला आणि तिने तो आनंदाने घेतला. मग तिच्या मागे धावत जाऊन त्याने तो बदलून दिला. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी कोच परत आला, पण आत आला नाही. पायरीवरच उभा राहिला.

"बघितला," तो म्हणाला.

"मग?"

"आधी तुम्ही सांगा. खरं सांगा. तुमच्या मते कसा आहे तो?"

चष्मेवाल्याने कोटाला हात पुसले. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता आणि खरं बोलण्यात धोका होता. "सोनं आहे," तो म्हणाला. "माझ्या नजरेला तरी. लाखात एक."

कोचने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "सोनंच आहे. बावनकशी. म्हणजे जन्मात एकदा तुमचं बरोबर आलं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही खोटं बोललात." तो दोन पावलं जाऊन थांबला. "पाया पडेन म्हटलं होतं, ते मात्र आता राहू दे."

कोच गेल्यावर चष्मेवाला दार ओढायला वळला. जिन्याच्या खालच्या पायरीवर जावई उभा होता, कडेवर नात. तो किती वेळ उभा होता ते त्याच्या लाल कानांवरून कळत होतं.

"चहा झाला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"झाला, बाबा." जावई खाली आला आणि नातीला तपासणीच्या खुर्चीत बसवून तिच्या बाजूला उभा राहिला. "सरावाच्या वेळी कोचनी आम्हा सगळ्यांना ती नाडीची गोष्ट सांगितली. तो घोगरा माणूस कोण, हे नाही सांगितलं. ते आत्ता कळलं." त्याने नातीचा फ्रॉक सारखा केला. "मला वाटलं होतं तुम्हाला मी आवडत नाही."

"छे हो! अहो, ती पेनल्टी... तो पहिला फटका..." इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम वर आलं. "अहो, तुमच्यासारखा गोलकीपर या मैदानावर..."

"बाबा, नको!" जावयाने पटकन त्याच्या दंडावर हात ठेवला. चेहरा खरोखर घाबरलेला होता. "शनिवारी हंगामाचा पहिला सामना आहे."

चष्मेवाल्याने तोंड मिटलं. त्यालाही ते पटलं.

शनिवारी तिघं कुंपणाशी उभे होते. जावई चालत आला, त्याने टॉवेल अडकवला, बाटली ठेवली, आणि गोलमध्ये न जाता तिथेच हातमोजे नीट करत राहिला. पंच शिट्टी तोंडात धरून वाट बघत होता. लांब रेषेपाशी कोच चष्मा लावून उभा होता. चष्मेवाल्याने पत्र्याखाली बघितलं. जावयाकडून सगळं कळलेल्या बायकोने नुसती मान डोलावली.

"अरे ए ओंडक्या!" तो गळ्याच्या शिरा ताणून ओरडला. "उभा काय राहिलास? तुला कुणी घेतला रे संघात? नारळ द्या याला!"

जावयाचे कान लाल झाले. तो हसत होता की काय ते पाठमोरं कळलं नाही. त्याने टॉवेलचं टोक सरळ केलं आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला.